सराटेवाल्या तांबोळीबाई

‘हात काढा!’

तांबोळीबाईंच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले दोन शब्द. माझा हात तेव्हा एका लाकडी पॅलेटखाली कोपरापर्यंत गेला होता. मालाला लावायचं लेबल निसटून खाली सरकलं होतं आणि मी ते चाचपडत होतो. चाकणच्या त्या कंपनीतला माझा तिसरा की चौथा दिवस असेल. डिस्पॅचचा नवा साहेब म्हणून जरा ताठ्यातच वावरत होतो. शेडमधली वीस-पंचवीस माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी हात काढला आणि रागानं मागे वळलो.

पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेल्या एक बाई उभ्या होत्या. सलवार-कमीजवर निळं जाकीट, पायात पुरुषी सेफ्टी बूट. मला काही बोलायची संधी न देता त्या सरळ सिमेंटच्या जमिनीवर पालथ्या पडल्या. खिशातून दातांचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा छोटा आरसा काढला, दुसऱ्या हातात टॉर्च घेतली आणि म्हणाल्या, ‘या. झोपा इथं.’

मी इस्त्रीच्या शर्टानिशी त्यांच्या शेजारी झोपलो. न झोपून चालेल असा तो आवाजच नव्हता.

आरशात पॅलेटचा आतला कोपरा दिसला. तिथं धड आकार नसलेलं, कुणीतरी वैतागून विस्कटल्यासारखं जाळं होतं. जाळ्यात हरभऱ्याएवढे तीन पिवळट गोळे आणि प्रत्येक गोळ्याला सगळीकडून बारीक काटे. वावरात अनवाणी चालताना पायात रुततो ना, तो सराटा, अगदी तसेच. त्यांच्या बाजूला एक तपकिरी कोळीण उलटी टांगलेली होती. पोट वाटाण्यासारखं फुगीर, पायांवर फिकट-गडद पट्टे आणि पोटाखाली डमरूच्या आकाराची नारिंगी खूण. माझं लेबल तिच्यापासून चार बोटांवर पडलं होतं.

‘ती तुम्हाला शोधत आली नसती,’ बाई म्हणाल्या. ‘पण तुम्ही तिला बोटाखाली दाबलं असतं, तर तिनं काय करावं?’

मग त्यांनी एका लांब सुईनं लेबल ओढून काढलं. सुई जाळ्यातून जाताना जुनं कापड फाडल्यासारखा बारीक टरटर आवाज आला. ‘ऐकलात? घरातल्या जाळ्याचा असा आवाज येत नाही. एवढा चिवट धागा हिचाच. डोळे मिटून ओळखता येतं.’

लेबल माझ्या हातात देऊन त्या उठल्या, गुडघे झटकले आणि गेल्या. शेडमधल्या हसण्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आमची कंपनी गिअरबॉक्सची कव्हरं ओतून, घासूनपुसून परदेशी पाठवायची. माल लाकडी खोक्यांत जायचा आणि परदेशात लाकडाची धास्ती फार. लाकडातून एखादा किडा त्यांच्या देशात उतरला तर अख्खा कंटेनर अडवतात. म्हणून खोकी तापवून, गरज पडली तर गॅस देऊन, किडामुंगी नाही असा शिक्का मारावा लागतो. हे काम एका एजन्सीकडे होतं आणि एजन्सीनं आमच्या शेडवर नेमलेल्या सुपरवायझर म्हणजे शमीम तांबोळी. गाव उमरगा. प्राणिशास्त्रातली पदवी. एवढं शिकून लाकडावर शिक्के मारायला कशा आल्या, हे मी एकदा विचारलं. ‘शिक्का मारायच्या आधी बघायला मिळतं की,’ एवढंच उत्तर मिळालं.

बघणं हे त्यांचं वेड. जाकिटाच्या चार खिशांत होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या असायच्या. डब्यात भाकरी आणि लसणाची लाल चटणी, पण जेवायला बसण्याआधी टेबलाखाली नजर टाकायच्या. कुणी काही सांगितलं की चष्म्यावरून बघत विचारायच्या, ‘पाहिलंत का?’ कँटीनचं तेल बदललंय, अमक्याचं लग्न मोडलं, हिंजवडीच्या रस्त्यावर तीन तास गाड्या अडकल्यात, काहीही सांगा. ‘पाहिलंत का?’ पाहिलेलं नसलं की त्या पुढचं ऐकायच्याच नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारणं अवघड होतं. कामगार पाठीमागे त्यांना सराटेवाली म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, असं मला वाटतं.

शेडच्या जिन्याखाली, आग विझवायच्या वाळूच्या बादलीमागं, अशीच एक कोळीण राहायची. बाईंनी भिंतीवर खडूनं गोल काढून लिहिलं होतं, ‘हलवू नये. शमीम.’ झाडूवालीनंही तो कोपरा सोडला होता. दुपारच्या सुट्टीत बाई तिथं उकिडव्या बसायच्या. तिचं जाळं जमिनीपर्यंत यायचं. खालच्या टोकाचे धागे ताणून जमिनीला चिकटवलेले आणि त्या टोकांनाच चिकट थेंब. मुंगी किंवा झुरळाचं पिल्लू चालता चालता धाग्याला चिकटलं की धागा जमिनीपासून सुटायचा आणि शिकार हवेत उचलली जायची. ‘विहिरीवरचा रहाट बघा,’ बाई म्हणायच्या. ‘फक्त बादली स्वतःहून येते.’ मग कोळीण खाली उतरून मागच्या पायांनी तिच्यावर ओला धागा फेकायची, गुंडाळायची आणि सगळं झाल्यावरच चावायची.

एकदा तिच्या जाळ्याच्या कडेला तिळाएवढा नर आला. बाईंनी मला हाक मारली, आमच्या फोर्कलिफ्टवाल्या नामदेवआण्णांनाही बोलावलं. आण्णा म्हाळुंग्याचे, जमीन कंपनीत गेली तेव्हा नोकरी मिळालेले. आम्ही तिघं दाटीवाटीनं वाकून बसलो. नर धागा वाजवत वाजवत, थांबत, पुन्हा वाजवत जवळ जात होता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘आता तो शेवटी स्वतःच कोलांटी मारून हिच्या तोंडाशी पडंल. खाल्लं तर खाल्लं.’

आण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘मंग आमच्यात आन त्याच्यात फरक काय वं बाई?’

बाईंना मी मनापासून हसताना पाहिलं ते तेव्हा. हसता हसता चष्मा पडला आणि जाळ्याचा एक धागा तुटला, तर लगेच तोंडावर हात घेऊन गप्प.

ही कोळीण मूळची इथली नाही, असंही त्यांनीच सांगितलं. कुठल्यातरी बंदरातून, खोक्यांच्या सांदीतून आली असणार. तिला लोखंड, लाकूड, खुर्चीखालची पोकळी, गाडीच्या चाकावरची खोबण, असली माणसांनी केलेली जागाच आवडते. ‘उमरग्याहून मी आले, हिंगोलीहून ही पोरं आली, तशीच ही. कामधंद्याच्या जागी आली आन राहिली.’

हे सगळं मजेत चाललं होतं म्हणायला हरकत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते संपलं.

परदेशातून मेल आला. आमचा कंटेनर त्यांच्या बंदरात अडवला होता. मेलसोबत तीन फोटो. खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात सराट्यासारखे पाच गोळे, आणि एका फोटोत ती स्वतः, डमरूसकट. आमचे प्लँट हेड कुलथे साहेब यांनी ते फोटो छापून शेडच्या दारावर चिकटवले. ते मुळात वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यावर वरून येणारा दाब ते तसाच्या तसा खाली पाठवायचे, मध्ये काही ठेवून घ्यायचे नाहीत. ग्राहकाची दोन माणसं गुरुवारी दुपारी चारला शेड बघायला येणार होती. तोवर सगळी शेड स्वच्छ केल्याचा कागद हवा होता.

बाईंनी आपली चूक आधी सांगितली. ‘त्या खोक्यांवर शिक्का माझा. तापवून आणल्यावर खोकी आठ दिवस भिंतीकडेला पडून होती, ती मी पुन्हा बघायला पाहिजे होती. नाही बघितली.’ मग उपाय सांगितला. पॅलेट कंपाउंडच्या भिंतीपासून आणि गवतापासून लांब घ्या, दारावरचे पांढरे दिवे बदला, त्यांच्यावर किडे येतात आणि किड्यांमागं ही येते. प्रत्येक खोकं ब्रश आणि व्हॅक्युमनं साफ करा. तीन दिवस लागतील.

‘तीन दिवस नाहीयेत,’ कुलथे म्हणाले. ‘गॅस सोडा.’

‘गॅसनं कोळीण मरंल साहेब. त्या सराट्यासारख्या कोषातली अंडी मरतीलच असं मी लिहून देणार नाही.’

‘मला अंड्यांचं नको, कागदाचं सांगा.’

शेवटी ठरलं की मागच्या भागातली सगळी खोकी ताडपत्रीखाली झाकून गुरुवारी दुपारी गॅस द्यायचा आणि ब्रशचं काम नंतर करायचं. बाईंनी एकच अट घातली. सगळी माणसं बाहेर आहेत याची खात्री पटल्याशिवाय त्या सिलिंडरला हात लावणार नाहीत. त्या गॅसला वास नसतो. आत कुणी राहिलं तर त्याला कळतही नाही.

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. कुठल्यातरी माणसाचा काळा-निळा पडलेला हात, मागं भेसूर संगीत आणि वर अक्षरं: चाकणमध्ये जीवघेणा कोळी, चावल्यावर चार तासांत मृत्यू. शेडमध्ये माणसं पाय वर घेऊन जेवायला लागली. बाई एकेकाजवळ जाऊन सांगत होत्या, ‘तो हात कोळ्याच्या चाव्याचा नाही. ही लाजाळू आहे. दाबलं तरच चावते. दुखतं, घाम येतो, कुणाला पोटात कळा येतात. दवाखान्यात जायचं, बस.’ ऐकून घेत होते सगळे. पण पोरं पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसानं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, ‘कुणी चावलं-बिवलं म्हणून बोंब मारली तर त्याला घरी पाठवणार. आधीच कंपनी तापलीय.’

बाईंना हे कळलं नाही. मला कळलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, कशाला वाढवा.

गुरुवारी दीडच्या सुमारास ताडपत्र्या टाकून झाल्या. कडेनं वाळूच्या लांबट पिशव्या लावल्या. शेडमधली माणसं बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली जमली. मोजणी माझ्याकडे होती. गेटच्या वहीत कंत्राटी माणसं तेवीस. मी झाडाखाली बोट फिरवत मोजली, तेवीस भरली. कागदावर ‘शेड रिकामी’च्या चौकटीत सही केली आणि बाईंकडे दिला.

त्यांनी सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘पाहिलंत का?’

‘मोजली की, बाई. तेवीस.’

‘चेहरे पाहिलेत का?’

मला राग आला. उन्हानं डोकं तापलेलं, कुलथे साहेब घड्याळाकडे बघत येरझारा घालत होते. मी म्हणालो, ‘शाळा आहे का ही? हजेरी घेऊ आता?’

‘घ्या,’ बाई म्हणाल्या. आणि मी घेत नाही म्हटल्यावर वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच नावं वाचायला लागल्या. एकेक जण ‘हजर’ म्हणत हसत होता. सतराव्या नावाला कुणी बोललं नाही. बालाजी.

‘असंल की इथंच, पाणी प्यायला गेला असंल,’ कुणीतरी म्हणालं.

‘मग तेवीस कसे भरले?’

मी पुन्हा मोजलं. माझ्या मोजणीत नामदेवआण्णा होते. आण्णा कायम कामगार, त्यांचं नाव त्या वहीत नव्हतंच. 

कुलथे पुढे आले. ‘मॅडम, एक माणूस पाण्याला गेलाय. तो येईल. तुम्ही सुरू करा, गॅस पसरायला वेळ लागतो. चार वाजता लोक दारात असतील.’

‘तो दिसल्याशिवाय नाही.’

‘मी सांगतोय. मी जबाबदारी घेतो.’

‘जबाबदारी तुम्ही घ्याल साहेब,’ बाई म्हणाल्या, ‘श्वास तो घेईल.’

त्यांनी सिलिंडरची झडप उघडायचा पाना उचलला, पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि पर्स काखेत दाबून उभ्या राहिल्या. आवाज शांत होता. कुलथेंनी त्यांच्या एजन्सीला फोन लावला. पलीकडून काय बोलले कोण जाणे, फोन बाईंच्या पुढे धरला. बाईंनी घेतला नाही. कँटीनमध्ये माणूस पाठवला, संडासात पाठवला, गेटवर विचारलं. बालाजी बाहेर पडलेला नव्हता. आत तो दिसत नव्हता.

दहा मिनिटं गेली असतील. मला ती अजून तशीच्या तशी आठवतात. ताडपत्री उन्हात चमकत होती.

मग नामदेवआण्णा म्हणाले, ‘त्याचा फोन हाय. सॉक्समधी ठेवतोय त्यो. चोरून. मला म्हाईत हाय.’ कामगारांचे फोन गेटवर जमा असायचे; त्यांनी आपला आणून नंबर लावला.

आम्ही सगळे ऐकत राहिलो. आधी काहीच नाही. मग ताडपत्रीच्या आतून, फार खोलातून, फोन थरथरल्याची घरघर आली. सिमेंटवर भुंगा उलटा पडावा तशी.

बाई सगळ्यात आधी धावल्या. वाळूच्या पिशव्या त्यांनी लाथेनं उडवल्या. मी आणि आण्णा मागून गेलो. ताडपत्री उचलून खोक्यांच्या दोन रांगांमधून वाकत गेलो, तर अगदी भिंतीकडेच्या सांदीत बालाजी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. अंग घामानं थबथबलेलं. डावा हात छातीशी धरलेला. डोळे उघडे होते. आमच्याकडे बघून तो पहिलं काय म्हणाला? म्हणाला, ‘साहेब, मला घरी नका पाठवू.’

सकाळी अकराच्या सुमारास हातमोजा घालताना त्याला चावलं होतं. कंत्राटदाराचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, व्हिडिओ पाहिला होता. सांगितलं तर काम जाईल आणि नाही सांगितलं तर चार तासांत मरण. चोवीस-पंचवीस वर्षांचा तो माणूस, बायको गरोदर, चऱ्होलीला पत्र्याच्या खोलीत. पोटात कळा सुरू झाल्यावर तो सांदीत शिरला आणि तिथंच राहिला. ताडपत्री वरून सरकताना त्याला दिसली होती. ओरडला का नाहीस, म्हणून मी नंतर विचारलं. म्हणाला, ‘वाटलं, तसंही मरायचंच हाय.’

बाईंनी त्याचा पडलेला हातमोजा उचलला, पांढऱ्या कागदावर हळूच झटकला. आत ती होती, पाय आखडून मेल्याचं सोंग घेतलेली. ती बाटलीत गेली, बाटली खिशात, आणि बाई त्याच्याबरोबर कंपनीच्या गाडीत बसल्या. मीही बसलो.

चाकणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला आधी साप वाटला होता. बाईंनी बाटली टेबलावर ठेवली, कोणती जात, कधी चावली, काय काय होऊ शकतं ते चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टरनं वेदनेचं औषध दिलं, सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेऊ म्हणाला. घाबरण्यासारखं नाही, हेही म्हणाला. पण ते बालाजीच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. तो एकच विचारत होता, ‘किती वाजले? चार तास कधी होतेत?’

दर दोन मिनिटांनी तेच. नर्स चिडली. मीही म्हणालो, ‘अरे बाबा, काही होत नाही तुला.’

बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्याच्या उजव्या हातात दिलं. ‘अकराला चावली म्हणतोस ना? मग तीनला चार तास. आता पावणेतीन झालेत. तूच बघ. मी हितंच बसायलेय.’

पंधरा मिनिटं. मोठा काटा सरकत होता आणि बालाजी त्याच्याकडे बघत होता. बाई हलक्या आवाजात त्याला कोळिणीबद्दल सांगत राहिल्या. ती किती भित्री आहे, माणसाची चाहूल लागली की कशी दोरा सोडून खाली पडते. तिची पिल्लं फुटाण्यासारखी कोषातून बाहेर पडतात आणि धाग्यावर बसून वाऱ्यानं कुठल्या कुठं जातात, त्यांतली फार थोडी जगतात. बालाजीचे ओठ हलत होते. तीन वाजले. तीन वाजून पाच. दहा. सव्वातीनला त्यानं घड्याळ छातीवर ठेवलं आणि तो रडायला लागला. बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांनी त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही.

ग्राहकाची माणसं चारला येऊन तशीच शेड बघून गेली. दुसऱ्या दिवशी कुलथे साहेबांनी त्यांच्यासाठी अहवालाचा मसुदा तयारच ठेवला होता. कोळी चावल्यामुळे एक कामगार अत्यवस्थ, व्यवस्थापनानं तत्परतेनं शेड रिकामी करून त्याला वाचवलं, गॅस प्रक्रिया सुरक्षेसाठी पुढे ढकलली. बाईंनी फक्त सही करायची होती. त्यांनी तो कागद परत केला आणि स्वतःच्या हातानं दोन पानं लिहिली. अडवलेल्या खोक्यांवरचा स्वतःचा शिक्का पहिल्याच ओळीत होता. ताडपत्री, मोजणी, कंत्राटदाराची धमकी, फोनवरून आणलेला दबाव, सगळं. पानं कुलथेंकडे न्यायच्या आधी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

‘वाचा,’ म्हणाल्या. ‘यात तुमचं नाव आहे.’

मी वाचलं. ‘पाचर्णे यांनी चेहरे न पाहता मोजणी करून सही केली.’ अक्षर सुरेख होतं.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘माणूस वाचला ना? माझी ही ओळ गाळली तर कुणाचं काय बिघडणार आहे? माझी नोकरी नवी आहे.’

 त्यांना वाईट वाटत होतं, ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. ‘पाचर्णे, माझ्या कागदावर भरवसा ठेवून उद्या दुसरा कुणीतरी गॅस सोडणार. एक ओळ खोटी निघाली तर बाकीचं त्यानं का खरं धरावं? तुम्हाला राग येईल. येऊ द्या.’

राग आलाच. पुढं मला मेमो मिळाला, बढती वर्षभर लांबली. कंत्राटदाराच्या माणसाला हलवलं. बालाजी आठ दिवसांनी कामावर परत आला आणि त्याला कुणी घरी पाठवलं नाही, कारण बाईंच्या पानांवर त्याचंही नाव होतं आणि ती पानं आता वरपर्यंत गेली होती. ब्रशनं शेड साफ झाली. तीनच दिवस लागले. आणि आमच्याकडून एजन्सीला निरोप गेला, उद्यापासून तांबोळी मॅडमना पाठवू नका.

त्या गेल्या तेव्हा मी जागेवरून उठलोसुद्धा नाही. पाठ दिसली, निळं जाकीट दिसलं. महिनाभर मी स्वतःला सांगत राहिलो की त्या हेकट होत्या. मग एका दुपारी शेडमध्ये माल भरताना मी सवयीनं बोट फिरवत माणसं मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. बोट खाली घेतलं. एकेकाचं तोंड बघत नावानं हाक मारली. बालाजी ‘हजर’ म्हणाला.

त्याच दिवशी बाईंचा पत्ता आण्णांकडून घेतला, पण जायला वर्ष लावलं. तोवर नामदेवआण्णांनीच सांगितलं, बाई उमरग्याला निघाल्यात, आई अंथरुणाला खिळलीय, परत यायचं काही खरं नाही. वल्लभनगरच्या स्टँडवरून दुपारची गाडी आहे. मी सुट्टी टाकून गेलो. ट्रॅफिकनं नेहमीसारखा घात केला. मी पोचलो तेव्हा गाडी फलाटावरून मागं सरकत होती.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. चष्मा तसाच घसरलेला, मांडीवर एक पिशवी. मी गाडीबरोबर चालत खिडकीवर हात आपटला. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं आणि बंद काचेतून काहीतरी बोलल्या. मी येताना मनाशी बरंच जुळवून आणलं होतं. चूक माझी होती, तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं, वगैरे. ते मी काचेबाहेरून बोलून टाकलं; त्यांनी ओठांवरून ओळखलं असेल, नसेल. त्या पुन्हा काहीतरी बोलल्या. गाडीचं इंजिन, कंडक्टरची घंटा, पाणीवाल्यांचा गोंगाट. मान हलवून हो म्हणणं सोपं होतं.

मी हातानं नाही म्हटलं. कानाशी हात नेला. ऐकू आलं नाही, बाई.

त्यांनी दोन्ही हातांनी काच धरून जोर लावला. अडकली होती. शेजारच्या माणसानं मदत केली तेव्हा कुठं वीतभर सरकली. गाडी वळणाशी पोचली होती, मी पळायला लागलो होतो. फटीतून तोंड बाहेर काढून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

‘जेवलात का, म्हणायलेय!’